कॅम्परमधलं पाणी गोठू नये म्हणून हिवाळ्याआधी तुम्ही नक्की काय काय करता?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

आमची कॅम्पर व्हॅन गेले दोन हिवाळे बंद शेडमध्ये होती, यंदा ती जागा नाही, म्हणजे गाडी अख्खा हिवाळा उघड्यावर राहणार आणि रात्री तापमान उणे १५ पर्यंत उतरतं. आधीच्या मालकांनी गाडी देताना सांगितलं होतं की टाकीचा ड्रेन उघडायचा, नळ उघडे ठेवायचे, बास. पण परवा गाडीखाली आडवी पडून कुठला पाइप कुठे जातो ते बघितलं आणि त्या "बास"वरचा माझा विश्वासच उडाला. एक पाइप चाकाच्या कमानीपाशी चक्क खाली उतरून परत वर चढतोय. त्यातलं पाणी कुठून बाहेर येणार?

गाडीत आहे ते असं: ९० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, पंपानंतर फिल्टर, २२ लिटरचा गॅस आणि विजेवर चालणारा गीझर, ओट्याचा नळ, बाथरूमचा नळ आणि हातशॉवर, फ्लशचं टॉयलेट, आणि मागच्या दारापाशी बाहेरचा शॉवर जो आम्ही जेमतेम दोनदा वापरलाय.

निचरा करून भागतं का? ते गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) भरायलाच हवं का? आणि ऐन थंडीत दोन दिवस फिरायला जायचं झालं तर काय करायचं? अनुभव सविस्तर लिहा प्लीज.

पाना_पक्कड

रानवाटा ताई, तुमची शंका रास्त आहे. टाकी रिकामी झाली म्हणजे सगळं रिकामं झालं असं नसतं.

आधी फुटतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप बहुतेक वेळा बर्फ जिथे धरला तिथे फुटत नाही. मध्येच कुठेतरी बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि बूच ते बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबत राहतो. त्या पाण्याला जायला वाट नसते, दाब प्रचंड वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जे असेल ते तुटतं. हल्लीच्या गाड्यांमध्ये पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप असतो, तो बराच ताणून घेतो. तुटतात ते प्लास्टिकचे एल्बो आणि टी, नळाच्या आतलं कार्ट्रिज, फिल्टरची वाटी, टॉयलेटचा व्हॉल्व आणि पंपाचं डोकं.

म्हणून नळ उघडे ठेवणं महत्त्वाचं आहेच, पण तेवढंच पुरेसं नाही.

चाकावरचं_घर

पंपाचं डोकं!! अगदी अगदी. आमच्याकडे हेच झालं होतं.

पहिल्याच वर्षी आम्ही टाकी सोडली, नळ उघडले, गीझर रिकामा केला, स्वतःवर जाम खूष. वसंतात टाकी भरली, पंप लावला, आवाज नेहमीसारखा, नळाला पाणी आलं, सगळं छान. मग नळ बंद केला तरी पंप थांबेना. दोन मिनिटांनी पलंगाखालून बारीक सुसू असा आवाज यायला लागला. फळी उचलून बघितलं तर पंपाच्या डोक्याला केसाएवढी चीर आणि त्यातून पाण्याचा पंखा उडतोय, पलीकडची प्लायवूड भिजून काळी पडायला लागलेली. पंपाच्या आत जे दोन-चार चमचे पाणी राहिलं होतं तेवढ्यानेच घात केला. पंप बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं, पण ती प्लाय फुगली ती फुगलीच, अजून तो कप्पा नीट बंद होत नाही.

तेव्हापासून टाकी रिकामी झाल्यावर पंप थोडा वेळ कोरडाच चालवते, नळातून नुसती हवा येईपर्यंत, आणि पंपाआधीच्या छोट्या गाळणीची वाटी हाताने खोलून पुसून घेते. त्या वाटीत हमखास पाणी असतं.

मोकळा_रस्ता

मी थोडं वेगळं मत मांडतो. नऊ हिवाळे झाले, फक्त निचरा करतो, अँटीफ्रीझचा एक थेंब घातलेला नाही, आणि आजवर काही फुटलेलं नाही. लोक उगाच घाबरवतात असं माझं मत आहे. ड्रेन उघडे, नळ उघडे, पंप कोरडा, झालं.

पाना_पक्कड

@मोकळा_रस्ता, तुमचं खरं आहे, पण तुमच्या गाडीपुरतं. पाइप सगळे उताराला असतील, ड्रेन सगळ्यात खालच्या जागी असेल तर निचऱ्याने काम होतं. रानवाटांच्या गाडीत पाइप खाली जाऊन वर चढतोय, तिथे निचऱ्याने काहीही होणार नाही, ते पाणी तिथेच बसणार. गाडी कशी उभी आहे यावरही असतं. मी ड्रेन उघडल्यावर आधी पुढची चाकं फळीवर चढवतो, मग मागची, आणि दर वेळी आणखी पाणी बाहेर येतं.

मोकळा_रस्ता

हे मान्य. माझी गाडी साधी आहे, एक टाकी, एक पंप, दोन नळ, गीझर नाहीच. तो उल्लेख आधीच करायला हवा होता.

भटकी_मावशी

मी माझा क्रम लिहिते, ट्रेलर आहे पण तत्त्व तेच.

सगळ्यात आधी गीझर, आणि तोही एक दिवस आधी बंद करायचा. गॅस बंद, विजेचा स्विच बंद, पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. मग पंप बंद करून गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडायचा, आणि त्यानंतरच गीझरचा खालचा प्लग काढायचा. हा क्रम कुणीही चुकवू नका, दाबाखालचं कढत पाणी थेट अंगावर येतं. प्लग काढल्यावर वरचा सेफ्टी व्हॉल्व उचलून धरला की हवा आत जाते आणि टाकी भडाभडा रिकामी होते. स्टीलची टाकी असेल तर प्लगलाच लांब अॅनोड कांडी असते (टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते), ती झिजून काडीसारखी झाली असेल तर नवीन घ्या. प्लग असतो टाकीच्या तळापेक्षा थोडा वर, त्यामुळे तळाशी जरा पाणी आणि पांढरा गाळ राहतोच, पण त्याला पसरायला जागा असते, त्याची काळजी नको.

मग स्वच्छ पाण्याची टाकी सोडायची. गरम आणि गार दोन्ही लाइनचे खालचे ड्रेन उघडायचे, ते दोन वेगळे असतात, एकच उघडून लोक निघून जातात. सगळे नळ दोन्ही बाजूंना. एकच दांडीचा नळ असेल तर मध्यावर ठेवून भागत नाही, एकदा पूर्ण गरम, एकदा पूर्ण गार. हातशॉवर हुकावर टांगून ठेवू नका, खाली जमिनीवर सोडा. टॉयलेटचं पेडल दाबून धरा. फिल्टर काढून घरात आणा. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या.

आणि रानवाटा, तो दोनदाच वापरलेला बाहेरचा शॉवर! जे आपण वापरत नाही तेच आपण विसरतो आणि तेच फुटतं.

नवखा_प्रवासी

मावशी, वाचनखूण साठवली _/\_

एक भाबडा प्रश्न. घरी गाडीच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ पडून आहे, तेच थोडं पाण्यात मिसळून फिरवलं तर?

पाना_पक्कड

नाही. अजिबात नाही. त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, किडनी निकामी करतं, आणि चव गोडसर असल्याने लहान मुलं आणि जनावरंसुद्धा पितात. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते एकदाही जाता कामा नये. कॅम्परसाठीचं मिळतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, बहुधा गुलाबी रंगाचं. डब्यावर पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेसाठी असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या, नुसत्या रंगावर जाऊ नका.

आणि त्यातही एक प्रकार इथेनॉलचा असतो. मी तो टाळतो, रबराचे सील कोरडे पडतात, शिवाय ते ज्वालाग्राही आहे.

नवखा_प्रवासी

बरं झालं विचारलं. तो डबा आजच मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवतो.

थंडोबा

अँटीफ्रीझच्या डब्यावर उणे ४६ लिहिलेलं असतं (म्हणजे फॅरनहाइटचे उणे ५०), ते बघून मी एकदा निम्मं पाणी घालून वापरणार होतो, म्हटलं आपल्याकडे कुठे उणे ४६ होतंय. नशिबाने आधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तो आकडा पाइप फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो, गोठण्याचा नव्हे. ते द्रव उणे १० ते १२ च्या आसपासच घट्ट व्हायला लागतं, बर्फाचा लगदा होतो, फक्त तो पाण्याच्या बर्फासारखा टणक होऊन फुगत नाही म्हणून पाइप वाचतो. पाणी मिसळलं की हा गुण जातो. पाइपात राहिलेलं पाणीसुद्धा त्याला पातळ करतंच, म्हणून आधी निचरा नीट करायचा आणि नळातून फिकं गुलाबी नाही तर डब्यात दिसतं तसं गडद गुलाबी येईपर्यंत थांबायचं नाही.

चाकावरचं_घर

+१. आणि गीझरचा बायपास लावायला विसरू नका. गीझरच्या मागे दोन किंवा तीन व्हॉल्व असतात, ते फिरवले की गार लाइन थेट गरम लाइनला जोडली जाते. बायपास केला नाही तर पहिले २२ लिटर गुलाबी पाणी गीझरच पिऊन टाकतो आणि तुम्ही नळापाशी वाट बघत बसता. बायपास लावला तर तुमच्या गाडीला ८ ते १० लिटर पुरावं.

टाकीत ओतायचं नाही, पंपाच्या तोंडाशी छोटी नळी जोडून थेट डब्यातून ओढायचं. पंपाच्या जवळच्या नळापासून सुरुवात, आधी गार मग गरम, मग पुढचा नळ. शेवटी प्रत्येक सिंकच्या खालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपमध्ये, एकेक कप ओता, शॉवरच्या जाळीतही. टॉयलेटच्या भांड्यात थोडं ठेवलं की तिथला रबरी सीलही ओला राहतो.

मीठभाकर

इतका खटाटोप कशाला, टाकीत दोन-चार किलो मीठ टाकलं तर? मिठाचं पाणी गोठत नाही ना.

भौतिकवेडा

गोठतं, फक्त उशिरा. साधारण २३ टक्के मिठाचं द्रावण उणे २१ पर्यंत टिकतं, त्याहून खाली कितीही मीठ घाला उपयोग नाही. म्हणजे ९० लिटर पाण्यात सुमारे २७ किलो मीठ. आणि एवढं खारं पाणी पंपाचे धातूचे भाग, नळ आणि गीझरची टाकी खाऊन टाकेल. नको.

विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. एका रात्रीत काय गोठतं आणि काय नाही याचा अंदाज सगळ्यांना असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पाणी शून्य अंशाला पोचलं तरी लगेच बर्फ होत नाही, दर किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता आणखी बाहेर जावी लागते. तुमची ९० लिटरची भरलेली टाकी पूर्ण गोठायची तर ८ युनिट विजेएवढी उष्णता तिच्यातून जायला हवी. एका रात्रीत, तेही गाडीच्या आत, हे सहसा होत नाही. पण अर्ध्या इंची पाइपाच्या एक मीटर लांबीत जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर पाणी, ते दोन-तीन तासांत गोठतं. म्हणून टाकीत पाणी खळखळतंय आणि नळ मात्र बंद, असा प्रकार होतो.

मोकळा_रस्ता

मग चालत्या गाडीत वाऱ्यामुळे शून्याच्या वर असतानाही गोठतं म्हणतात ते खरं का? माझा एक मित्र ठामपणे सांगतो.

भौतिकवेडा

नाही. वारा फक्त गार होण्याचा वेग वाढवतो, कोरड्या पाइपाला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. हवा अधिक २ असेल तर वाऱ्याने पाइप अधिक २ लाच येऊन थांबेल. उणे ३ असेल तर मात्र उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीखालचा पाइप खूप लवकर गोठेल, तुमच्या मित्राने बहुधा तेच अनुभवलंय.

उलट निरभ्र रात्री उभ्या गाडीत सावध राहा. आकाश मोकळं असलं की टप आणि उघडे पृष्ठभाग आपली उष्णता वर फेकत राहतात आणि हवेपेक्षा काही अंश गार होतात. हवा अधिक २ असतानाही सकाळी काचेवर दहिवर गोठलेलं असतं ते यामुळेच. बाहेर लोंबणारी पाण्याची नळी याच हिशोबाने गोठते.

मोकळा_रस्ता

पटलं. मित्राला हा प्रतिसाद वाचायला देतो.

हवाहवाई

अँटीफ्रीझ ज्यांना नको त्यांच्यासाठी काँप्रेसर. आम्ही पाच वर्षं हेच करतो. बाहेरच्या पाण्याच्या जोडणीला अडॅप्टर लावून हवा सोडायची आणि एका वेळी एकच नळ उघडायचा, थुंकल्यासारखं पाणी येतं, मग तुषार, मग नुसती हवा. सगळे झाले की परत पहिल्या नळापासून, दुसऱ्या फेरीतही पाणी निघतं.

दाब ३० ते ४० पीएसआयच्या (काँप्रेसरच्या मीटरवरचं दाबाचं एकक) वर नेऊ नका. काँप्रेसर सहज १०० च्या पुढे जातो आणि मग बर्फाने जे फुटायचं ते तुम्हीच फोडता. हवा सोडताना नळ एक तरी उघडा हवा. आणि हवेने पंपातलं पाणी जात नाही, पंपात उलटं जाऊ न देणारी झडप असते, तो कोरडा चालवावाच लागतो.

पाना_पक्कड

रानवाटांच्या त्या खाली उतरणाऱ्या पाइपासाठी मी दोन्ही करीन. आधी हवा, मग अँटीफ्रीझ.

पहाटधुके

कुणी थंडीत प्रत्यक्ष राहण्याबद्दल लिहिलं नाही अजून, तोही प्रश्न होता. आम्ही दर हिवाळ्यात चार-पाच वेळा जातो.

महत्त्वाची गोष्ट: बाहेरच्या नळाला होज जोडून ठेवू नका. टाकी भरून घ्या, होज काढून पूर्ण झटकून ठेवा आणि टाकी-पंपावर राहा. सांडपाण्याचा व्हॉल्व उघडा ठेवू नका, थेंबथेंब पाणी नळीत गोठत जातं आणि आतून बर्फाचा खांब तयार होतो. बंद ठेवा, टाकी बरीचशी भरली की एकदम सोडा.

दुसरं, ज्यांच्या गाडीत गॅसच्या हीटरची गरम हवा खालच्या पोटातल्या पाइपांपर्यंत जाते त्यांनी केवळ विजेचा छोटा हीटर लावून झोपू नये. आत मस्त उबदार वाटतं, थर्मोस्टॅटलाही तसंच वाटतं, त्यामुळे गॅस हीटर चालूच होत नाही आणि तिकडे खाली पाइप गोठतात. आम्ही आतल्या १९ अंशांत गाढ झोपलो होतो आणि सकाळी एकाही नळाला पाणी नव्हतं. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा, आतली ऊब पाइपापर्यंत पोचते.

तिसरं, गॅस. ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. थंडीत सिलेंडर प्रोपेनचाच हवा. सिलेंडर जड लागतोय पण हीटर विझतोय, असं झालं तर कारण हेच.

थंडोबा

आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. अवांतर आहे पण हीटरचा पंखा त्याच बॅटरीवर चालतो म्हणून लिहिलं.

नवखा_प्रवासी

आमच्या गीझरजवळ एक छोटा व्हॉल्व आहे, ट्रुमा कंपनीचा, फ्रॉस्टकंट्रोल लिहिलंय. परवा रात्री तो आपणहून उघडला आणि सगळी टाकी रिकामी! बिघडला का?

भटकी_मावशी

बिघडला नाही रे, त्याने गीझर वाचवला तुझा. ३ अंशांच्या आसपास तो आपोआप उघडतो, वीज लागत नाही, आणि तिथलं तापमान ७ च्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही. पंप चालू राहिला होता म्हणून टाकीही गेली. आधी हीटरने गाडी गरम कर, मग बटण दाब, मग पाणी भर. पण तो फक्त गीझरसाठी आहे, बाकीच्या पाइपांना त्याचा भरवसा नाही.

सावली

आमचं आत्ता या क्षणी गोठलंय :( बाहेर उणे ६, ओट्याला पाणी नाही, बाथरूमला येतंय. काय करू?

पाना_पक्कड

सावली ताई, घाबरू नका. पंप आधी बंद करा. ओट्याचा नळ उघडा ठेवा. हीटर वाढवा, कपाटं उघडा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहील. पेटती ज्योत किंवा ब्लोटॉर्च अजिबात नको, मागे लाकूड आणि फोम आहे. पाणी सुरू झालं तरी लगेच निर्धास्त होऊ नका, फुटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गळत नाही, वितळल्यावर गळतो. पंप लावा, सगळे नळ बंद करा आणि पाच मिनिटं कान देऊन बसा. पंप मध्येच आपोआप गुरगुरला तर कुठेतरी गळतंय.

सावली

चाळीस मिनिटं लागली, आलं पाणी!! पंप शांत आहे, एकदाही गुरगुरला नाही. सिंकच्या मागे बाहेरच्या पत्र्याला टेकूनच पाइप होता, तिथे आता फोमची नळी चढवते. खूप खूप आभार दादा.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि काल पूर्ण दिवस लावून सगळं केलं.

मावशी, तुमच्या क्रमानेच गेले. पहिला निचरा झाल्यावर वाटलं होतं की झालं, एक थेंब येत नव्हता. मग पुढची चाकं फळीवर चढवली तर गार लाइनच्या ड्रेनमधून पुन्हा अर्धा-एक लिटर आलं. हवा मारली ३० पीएसआयवर, तेव्हा तो चाकाच्या कमानीपाशी उतरणारा पाइप गुळण्या केल्यासारखा वाजला आणि ओट्याच्या नळातून तपकिरी, शिळ्या वासाचं पाणी आलं. आणि बाहेरचा शॉवर! मी कडी उघडली, काहीच आलं नाही, म्हटलं रिकामा आहे. नळी काढून उलटी धरली तर बादलीत दीड कप पाणी. गाळणीच्या वाटीतही होतंच. शेवटी बायपास करून अँटीफ्रीझ फिरवलं, साडेआठ लिटर लागलं, सगळ्या नळांना गडद गुलाबी आलंय.

आता एकच विचारायचं राहिलं, वसंतात हे सगळं बाहेर काढायचं कसं?

चाकावरचं_घर

साध्या पाण्याने धुवा, रंग आणि फेस जाईपर्यंत, नळांच्या टोकाच्या जाळ्या काढून. मग बायपास परत फिरवा, गीझर भरा. त्यानंतर निर्जंतुक करायचं: वास नसलेलं साधं ५ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला १ मिलि, म्हणजे तुमच्या टाकीला ९० मिलि, आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडायचं, चार तास तरी तसंच ठेवायचं, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. फिल्टर सगळ्यात शेवटी, नवीन.

पाना_पक्कड

आणि एक. गीझर रिकामा आहे हे तीन-चार महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. कोरडा असताना विजेचा स्विच चालू झाला तर आतला एलिमेंट मिनिटभरात जळतो.

रानवाटा

आत्ताच खाली जाऊन स्विचवर आडवी पांढरी पट्टी चिकटवून आले: "गीझर रिकामा आहे, आधी पाणी भरा."